कपाटातलं पुस्तक कोणाचं?

तालुक्याच्या गावातलं एक जुनं वाचनालय. मी तिथे गेलो होतो १९६१ साली छापलेलं एक पुस्तक पाहायला: एका शाळामास्तरांनी जिल्ह्यातल्या विहिरी, बारवा आणि पाण्याच्या वाटपाच्या रीती गावोगाव हिंडून लिहून काढल्या होत्या. पुस्तक निघालं. मागच्या पानावरच्या तारखेच्या पट्टीवर शेवटचा शिक्का १९९४ चा. पानं कडेने तपकिरी झालेली, मधल्या दोन फॉर्मांवर कसरीने नक्षी काढलेली. मी ग्रंथपालांना म्हटलं, यातली चाळीसेक पानं झेरॉक्स करून घेतो. त्यांनी मान हलवली आणि काउंटरमागच्या पाटीकडे बोट दाखवलं: ‘पुस्तकांची झेरॉक्स काढण्यास सक्त मनाई आहे.’ का, तर “कॉपीराइट आहे ना साहेब.” मग त्यांनीच सुचवलं, अनामत भरा, सभासद व्हा, पुस्तक घरी न्या. म्हणजे सात दिवस ते पुस्तक माझ्या घरी राहणार, माझ्या खिशात फोन असणार, आणि इथे मात्र चाळीस पानं चालणार नाहीत!

कॉपीराइट आणि ग्रंथालय यांच्या नात्याचा आढावा घ्यायचा तर या पाटीपासूनच घ्यावा. कारण ती पाटी कायद्यातून आलेली नाही, कायद्याच्या धास्तीतून आलेली आहे. भारताचा १९५७ चा प्रताधिकार कायदा ग्रंथालयांच्या बाबतीत ग्रंथपालांना वाटतो त्यापेक्षा बराच सैल आहे. अडचण आहे, पण ती वेगळ्याच जागी आहे.

आधी ग्रंथपाल मला पुस्तक घरी देऊ शकतात ते कशाच्या जोरावर, ते पाहू. लेखकाच्या हक्कांची यादी कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. त्यात प्रती काढण्याचा हक्क आहे, भाषांतराचा आहे, लोकांना प्रती उपलब्ध करून देण्याचाही आहे. पण त्या शेवटच्या हक्काला एक शेपूट जोडलेलं आहे: आधीच चलनात असलेल्या प्रती सोडून. आणि एकदा विकली गेलेली प्रत ही चलनात आलेली प्रत, असा खुलासा कायद्यातच आहे. आपली सगळी वाचनालयं या शेपटावर उभी आहेत. प्रत विकत घेतली की लेखकाचा त्या वस्तूवरचा ताबा संपला. ती वाचा, भाड्याने द्या, रद्दीत घाला, नातवाला भेट द्या. गल्लीतली खासगी ‘सर्क्युलेटिंग लायब्ररी’ महिन्याच्या वर्गणीवर रहस्यकथा फिरवायची, तीही याच न्यायाने. चित्रपटाच्या किंवा गाण्यांच्या सीडीला ही मुभा नाही, त्या भाड्याने देण्याचा हक्क मालकाने राखून ठेवला आहे. तिथेही सरकारी अनुदानावर किंवा करमाफीवर चालणाऱ्या ग्रंथालयाला सूट आहे.

काही लेखकांना हे खटकतं, आणि त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. एक प्रत दोनशे जणांनी वाचली तर लेखकाला मानधन एकाच प्रतीचं. ब्रिटनने १९७९ मध्ये यासाठी वेगळा कायदा केला; पुस्तक ग्रंथालयातून जितक्या वेळा वाचायला जातं त्या हिशोबाने सरकार लेखकाला थोडी रक्कम देतं. डेन्मार्कमध्ये हे १९४६ पासून आहे. आपल्याकडे तशी सोय नाही. पण मराठीपुरतं बोलायचं तर गणित उलटं बसतं. हजाराची आवृत्ती संपायला वर्षं लागतात अशा बाजारात ग्रंथालयं हीच प्रकाशकाची भरवशाची गिऱ्हाइकं. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली ‘अ’पासून ‘ड’पर्यंतच्या वर्गांतली अकरा हजारांच्या आसपास वाचनालयं अनुदानाचा ठरावीक भाग पुस्तकांवर खर्च करतात म्हणून कितीतरी पुस्तकं मुळात छापली जातात. (त्यातली काही फक्त त्यासाठीच छापली जातात, हे दुखणं निराळं.)

आता झेरॉक्स. कलम ५२ ही अपवादांची लांबलचक यादी आहे: कशाला भंग म्हणायचं नाही, त्याची. तिच्या पहिल्याच पोटकलमात खासगी वापर, संशोधन, टीका-परीक्षण यांसाठी कृतीचा रास्त वापर मोकळा ठेवला आहे. किती पानं म्हणजे रास्त, ते कायदा सांगत नाही. ‘दहा टक्क्यांपर्यंत चालतं’ असं अनेक ग्रंथालयांत ठामपणे सांगितलं जातं. हा आकडा कलमात नाही. तो न्यायालयाने प्रसंग पाहून ठरवायचा प्रश्न आहे. आणि न्यायालयाने एकदा तो ठरवलाही आहे, चांगला सविस्तर.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठावर आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानावर दावा लावला. दुकान छोटंसं, दर पानाला चाळीस पैसे. प्राध्यापकांनी नेमलेल्या वाचनयादीतली प्रकरणं वेगवेगळ्या पुस्तकांतून काढून त्यांचे गठ्ठे बांधायचे आणि विद्यार्थ्यांना द्यायचे, हे काम. पुस्तकं ग्रंथालयाचीच. यादीतल्या एकेका पुस्तकाची किंमत कित्येक हजार. एका प्रकरणासाठी ते कोणता विद्यार्थी घेणार? दाव्याने बरीच खळबळ उडाली. अमर्त्य सेन यांच्यासारख्या लेखकाने, ज्यांची पुस्तकं हेच प्रकाशक छापतात, प्रकाशकांना हा मार्ग सोडा असं पत्र लिहिलं.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. त्यांच्या निकालातला मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. लेखकाचा हा हक्क निसर्गदत्त नाही की दैवी नाही, समाजात ज्ञान वाढावं म्हणून कायद्याने दिलेला तो हक्क आहे. तेव्हा त्याच कायद्याने शिकवण्यासाठी मोकळीक दिली असेल तर ती आखडती घेऊन वाचायची नाही. आणि पूर्वी विद्यार्थी ग्रंथालयात बसून हाताने पानंच्या पानं उतरवत होते, तेव्हा तो गुन्हा नव्हता. यंत्राने तेच काम झटपट झालं म्हणून तो गुन्हा कसा होईल? त्याच वर्षी ९ डिसेंबरला खंडपीठाने काही मुद्दे पुराव्यासाठी परत पाठवले, पण तत्त्व कायम ठेवलं: शिकवण्याच्या ओघात जेवढं लागतं तेवढं घेता येतं, त्याला पानांचा कोटा नाही. २०१७ च्या मार्चमध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने झेरॉक्सचे परवाने देणाऱ्या संस्थेचं अपीलही दाखल करून घेतलं नाही.

हा निकाल शिक्षणाच्या पोटकलमावर आहे, तालुक्याच्या वाचनालयावर नाही, हे खरं. विहिरींवरचं पुस्तक मागणारा मी काही विद्यार्थी नव्हतो. पण माझ्यासाठी संशोधनाचं पोटकलम आहेच. माझ्या ओळखीच्या ग्रंथपालांपैकी फार थोड्यांना हा खटला ठाऊक आहे. भंगाची शिक्षा मात्र सगळ्यांना तोंडपाठ: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड. अनुदान तपासणीला साहेब येणार या चिंतेत असलेला माणूस पाटी लावून मोकळा होतो. मी त्याला दोष देत नाही.

खरं म्हणजे त्या ग्रंथपालांच्या हातात माझ्यापेक्षा जास्त आहे. पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तर सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखाला ग्रंथालयाच्या वापरासाठी त्याच्या तीन प्रती काढता येतात. तीन. हे जुनंच पोटकलम आहे. त्यात २०१२ च्या दुरुस्तीने भर पडली: ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते. म्हणजे १९६१ चं ते पुस्तक स्कॅन करायला कोणाची परवानगी नको, त्याची छापील प्रत काढून वाचकाच्या हाती द्यायला आणि मूळ प्रत कपाटात विसावू द्यायलाही नको. एवढं स्वच्छ लिहिलेलं असताना हे घडत का नाही?

एक कारण शब्दांचं. दोन्ही पोटकलमांत ‘बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालय’ असा शब्दप्रयोग आहे आणि त्याची व्याख्या कुठेच नाही. महाविद्यालयाचं ग्रंथालय सार्वजनिक म्हणायचं का? एखाद्या इतिहास मंडळाचा संग्रह, जिथे कोणीही अर्ज करून बसू शकतो, तो? सीडीच्या भाड्याबद्दलच्या कलमात ‘ना-नफा ग्रंथालय’ कोणतं ते सांगितलं आहे, अनुदान किंवा करमाफी असलेलं. तीच मोजपट्टी इथेही लावावी हे शहाणपणाचं, पण तसं लिहिलेलं नाही. दुसरं कारण अधिक बोचरं. स्कॅन करून साठवायला परवानगी आहे. साठवलेलं दाखवायचं कोणाला, याबद्दल कायदा गप्प. ग्रंथालयातल्या संगणकावर वाचकाला बसून पाहता येईल का? इ-मेलने पाठवता येईल का? पहिल्याचं उत्तर बहुधा हो, दुसऱ्याचं बहुधा नाही, आणि ‘बहुधा’वर कोणी अनुदान पणाला लावत नाही. परिणामी ज्यांनी हौसेने, वर्गणी काढून स्कॅनिंग केलं त्यांच्याही फायली एखाद्या हार्ड डिस्कमध्ये पडून आहेत. कागद वाचवला, वाचक मात्र बाहेरच.

आता मुदतीकडे वळू, कारण मराठी वाचकाचं मोठं नुकसान तिथे होतं.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार चालतो. मुळात ती मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले. म्हणजे त्यांचं साहित्य १९९१ च्या अखेरीस मुक्त होणार होतं. त्याचे हक्क बाळगणाऱ्या विश्वभारतीच्या हातून ते निसटू नये म्हणून डिसेंबर १९९१ मध्ये अगदी वर्ष सरता सरता अध्यादेश निघाला आणि पुढच्या वर्षी कायदा बदलून मुदत दहा वर्षांनी वाढली. एका कवीसाठी वाढली, पण ती लागू झाली सगळ्यांना. साने गुरुजी १९५० साली गेले. जुन्या मुदतीने ‘श्यामची आई’ २००१ मध्ये सर्वांची झाली असती. ती झाली १ जानेवारी २०११ ला. तेव्हापासून तिच्या किती आवृत्त्या किती प्रकाशकांनी काढल्या ते कोणत्याही पुस्तक प्रदर्शनात दिसतं, दहा-वीस टक्के सवलतीपासून रद्दीच्या भावापर्यंत. गांधीजींचं लेखन २००९ मध्ये मुक्त झालं. त्याचे हक्क सांभाळणाऱ्या नवजीवन ट्रस्टने मुदतवाढीसाठी हट्ट धरला नाही. मर्ढेकर आणि डॉ. आंबेडकर दोघेही १९५६ साली गेले, म्हणून १ जानेवारी २०१७. सावरकरांचं लेखन २०२७ च्या पहिल्या दिवशी खुलं होईल. अण्णाभाऊ साठे आणि आचार्य अत्रे १९६९ साली महिन्याभराच्या अंतराने गेले, त्यांच्यासाठी २०३० उजाडावं लागेल. कुसुमाग्रज २०६०, पु. ल. २०६१. आज वाचनालयात पु. लं.चं पुस्तक बदलून नेणारं दहा वर्षांचं पोर तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास असेल.

आणि हा हिशोब वाटतो तितका सरळ नाही. लेखकाच्या हयातीत जे छापलंच गेलं नाही, त्याची ६० वर्षं मोजायची ती पहिल्या प्रकाशनापासून. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ मध्ये. एका वर्षाचाच फरक पडला. पण डॉ. आंबेडकरांचं ‘रिडल्स इन हिंदुइझम’ महाराष्ट्र सरकारने १९८७ मध्ये पहिल्यांदा छापलं. कायद्याचं अक्षर धरलं तर बाबासाहेबांचं हयातीत छापलेलं लेखन २०१७ पासून सर्वांचं आहे आणि हा ग्रंथ मात्र २०४७ संपेपर्यंत बंद. एकाच कपाटात, एकाच लेखकाच्या, एकाच रंगाच्या बांधणीतल्या खंडांपैकी कोणता मोकळा आणि कोणता नाही हे ग्रंथपालाने ओळखायचं कसं? भाषांतर असेल तर भाषांतरकाराची मुदत वेगळी चालते, प्रस्तावनेची वेगळी. ज्ञानेश्वरी कोणाच्याच मालकीची नाही, पण गेल्या पन्नास वर्षांतल्या एखाद्या आवृत्तीतल्या अर्थाची आणि टीपांची मालकी असते.

हे झालं नामवंतांचं. त्यांची पुस्तकं बाजारात आहेत, हक्कदार माहीत आहेत, कोणीतरी त्यांची काळजी वाहतो. माझा जीव अडकतो तो मधल्या पुस्तकांत. साधारण १९३५ ते १९८५ या काळात मराठीत लिहिलेलं अमाप साहित्य: प्रवासवर्णनं, स्थानिक इतिहास, पाककृतींची, शेतीची, बालवाङ्मयाची पुस्तकं, आत्मचरित्रं, बंद पडलेली मासिकं आणि त्यांचे दिवाळी अंक. यातल्या बहुतेकांची दुसरी आवृत्ती निघाली नाही, पुन्हा निघणारही नाही. प्रकाशनसंस्था बुडाल्या. कागद युद्धकाळातला किंवा टंचाईतला, हात लावला की कपचा पडतो. पुस्तक विकत मिळत नाही आणि मुक्तही नाही. माझे विहिरीवाले मास्तर १९७९ मध्ये गेले. म्हणजे २०३९ च्या अखेरपर्यंत त्यांचं पुस्तक राखीव. पण राखायला कोण आहे? मुखपृष्ठामागे जुन्या रीतीप्रमाणे छापलेलं आहे: ‘सर्व हक्क सौ. …… यांचे स्वाधीन.’ मराठी लेखकांनी पुस्तकाचे हक्क पत्नीच्या नावे करून ठेवण्याची प्रथा होती. घरात दुसरं काही ठेवायला नसायचं, एवढं तरी असावं. प्रेमापोटी लिहिलेल्या त्या ओळीने साठ वर्षांनंतर माग काढणाऱ्याची दमछाक होते. सौ. पुढे श्रीमती झाल्या, मग त्याही गेल्या. मुलं तीन गावांत, नातवंडं दोन खंडांत, आणि कोणालाच ठाऊक नाही की वारशात काय आलं आहे.

अशा बेवारस पुस्तकांसाठी २०१२ मध्ये कलम ३१ क सुधारून घेतलं. लेखक मयत किंवा अज्ञात असेल, हक्कदार सापडत नसेल, तर अर्ज करून प्रकाशनाचा परवाना घेता येतो. वाचायला छान वाटतं. अर्जाआधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, आणि ती कुठे? देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात. दुसऱ्या भाषेतली जाहिरात लागते ती त्या भाषेत भाषांतर छापायचं असेल तर. म्हणजे मास्तरांच्या मराठी पुस्तकाचे मराठी वारस शोधायला इंग्रजी पेपर! त्या जाहिरातीच्या दरात वाचनालयाची वर्षाची पुस्तकखरेदी निघेल. अर्ज जिथे करायचा ते बौद्धिक संपदा अपील मंडळ वर्षानुवर्षं अध्यक्षाविना रखडलेलं असायचं. २०२१ मध्ये ते रद्दच झालं आणि काम न्यायालयांकडे गेलं. एका पुस्तकासाठी न्यायालयाची पायरी कोणतं वाचनालय चढेल?

न विचारता पुढे जाण्याचा प्रयत्नही आपल्याकडे होऊन गेला. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया हा प्रकल्प या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दशलक्ष-ग्रंथ योजनेबरोबर सुरू झाला, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था त्याच्या मध्यभागी होती. देशभरच्या ग्रंथालयांतून पाच लाखांवर पुस्तकं स्कॅन झाली, त्यात मराठीही भरपूर. स्कॅन वाकडेतिकडे, शीर्षकं रोमन लिपीत अशी लिहिलेली की ‘ज्ञानेश्वर’ शोधताना पाच स्पेलिंगं करून पाहावी लागत. तरी संशोधकांना ते घबाडच होतं. पण मुक्त आणि राखीव पुस्तकं वेगळी काढण्याचं काम झालं नाही, आणि २०१७ च्या सुमारास प्रताधिकाराच्या कारणावरून अख्खं संकेतस्थळच बंद झालं. राखीव पुस्तकांबरोबर शंभर वर्षं जुनी, कोणाचीही नसलेली पुस्तकंही त्या दाराआड गेली. माहिती सर्वांना खुली व्हावी म्हणून झटणारे कार्ल मलामुद यांनी त्यातला मोठा भाग इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयात आधीच उतरवून ठेवला होता म्हणून तो वाचला. ओलं आणि सुकं एकत्र जाळायची ही खोड आपल्या सरकारी कामात जुनीच.

इथवर बोललो ते कागदाबद्दल. कागदावर कायद्याची भिस्त ‘विकली गेलेली प्रत’ या कल्पनेवर आहे. इ-पुस्तकात प्रत विकलीच जात नाही. आपण बटण दाबतो ‘विकत घ्या’चं आणि हाती येतो वापराचा परवाना. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून एक पुस्तक परस्पर पुसून टाकलं आणि पैसे परत केले. ते पुस्तक ऑर्वेलचं ‘१९८४’ होतं, हा योगायोग कादंबरीकारालाही सुचला नसता. परवान्याला अटी असतात आणि अटी प्रकाशक ठरवतो. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथालयांना सांगितलं की तुमचं इ-पुस्तक २६ वेळा वाचायला गेलं की संपलं, पुन्हा पैसे भरा. कागदी पुस्तक २६ वाचकांनंतर फार तर बांधणीला जातं!

ही कोंडी फोडायला इंटरनेट आर्काइव्हने एक युक्ती काढली होती. छापील प्रत विकत घ्यायची, स्कॅन करायची, आणि जितक्या प्रती कपाटात तितक्याच वाचकांना एका वेळी ती फाइल वाचायला द्यायची. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत ग्रंथालयं बंद झाल्यावर त्यांनी ही संख्येची मर्यादाही उठवली. चार मोठे प्रकाशक न्यायालयात गेले. मार्च २०२३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, सप्टेंबर २०२४ मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला, आणि पाच लाखांवर पुस्तकं वाचकांसाठी बंद झाली. निकाल अमेरिकेचा, पण वाचक जगभरचे. आर्काइव्हने मर्यादा उठवली ती चूकच केली असं माझं मत आहे. तोवर कानाडोळा करणाऱ्यांच्या हाती त्यांनी आयतं कोलीत दिलं.

मराठीत अजून हा प्रश्न पेटलेला नाही, कारण आपल्या सार्वजनिक वाचनालयांत इ-पुस्तकं जवळजवळ नाहीतच. मराठी इ-पुस्तकं आणि श्राव्य पुस्तकं आहेत ती व्यक्तीने वर्गणी भरून फोनवर घ्यायची. वाचनालयाने एक घेऊन दहा सभासदांना फिरवावं, अशी व्यवस्थाच त्यात नाही. नवी पिढी फोनवर वाचणार असेल तर कलम १४ च्या ज्या शेपटावर वाचनालयं उभी आहेत ते हळूहळू गळून पडेल, कोणी कायदा न बदलताच.

संशोधनाच्या नियतकालिकांत हे झालंसुद्धा. विद्यापीठांची ग्रंथालयं पूर्वी अंक विकत घ्यायची. वर्गणी थांबली तरी जुने अंक मांडणीवर राहायचे. आता वर्गणी थांबली की दार बंद. त्यावर सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ हा उपाय काढला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली: ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिकं, ६ हजार ३०० सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्था, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये. जिल्ह्याच्या सरकारी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला त्याने खरोखर नवं जग उघडलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सार्वजनिक वाचनालयं या योजनेत नाहीत. निवृत्त प्राध्यापक, स्वतंत्र संशोधक, गावातला डॉक्टर, वकील, हौशी अभ्यासक बाहेरच. हे लोक इतकी वर्षं साय-हब या, परवानगीशिवाय संशोधनलेख फुकट देणाऱ्या संकेतस्थळावर जात. त्याविरुद्ध एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते संकेतस्थळ भारतात बंद करायला सांगितलं. चोरीचं समर्थन मी करणार नाही. पण सरळ वाटेवर कुलूप असलं की आडवाट मळते, एवढं तर कोणीही सांगेल.

एका ठिकाणी मात्र कायद्याने खरोखर वाट काढून दिली. २०१२ च्या दुरुस्तीने दृष्टिहीन आणि अन्य अपंग वाचकांसाठी कोणतीही कृती ब्रेल, श्राव्य किंवा त्यांना वापरता येईल अशा कुठल्याही रूपात करायला मुभा दिली. २०१३ मध्ये याच विषयावर माराकेशला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये तो मान्य करणारा भारत जगातला पहिला देश ठरला. २०१६ पासून अशा वाचकांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू आहे. तिथे मराठी कमी पडते, पण त्याचा दोष प्रताधिकाराकडे जात नाही. प्रकाशकांकडच्या जुन्या फायली युनिकोडपूर्व फॉन्टांत अडकलेल्या आहेत. पडद्यावर देवनागरी दिसते, वाचून दाखवणाऱ्या यंत्राला मात्र आत नुसती रोमन चिन्हांची खिचडी सापडते. हक्क मोकळा आणि फाइल मुकी! मग कोणीतरी बसून पुस्तक पहिल्यापासून टंकतो.

जाता जाता एका जुन्या कायद्याचं नाव घ्यायला हवं. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची एकेक प्रत कोलकाता, चेन्नई, दिल्ली आणि मुंबई इथल्या चार ग्रंथालयांना पाठवायची आहे. मुंबईची प्रत टाउन हॉलच्या इमारतीत जाते. न पाठवल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत. कितीतरी छोट्या मराठी प्रकाशकांना हा कायदा ऐकूनही ठाऊक नाही. हीच प्रत नीट पोचती, तिच्यासोबत हक्कदाराचं नाव-पत्ता नोंदला जाता आणि ती नोंद दर दहा वर्षांनी ताजी होती, तर बेवारस पुस्तकांचा निम्मा गुंता जन्मलाच नसता. सरकारला हे आजही करता येईल. त्याला कायदादुरुस्ती नको, एक रजिस्टर पुरे.

मास्तरांच्या पुस्तकाचं मी सोडलं नाही. मुखपृष्ठामागच्या पत्त्यावर पत्र टाकलं, ते परत आलं. मग त्यांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांतून चौकशी करत करत चार महिन्यांनी नातीचा फोन नंबर मिळाला. बाई पुण्यात असतात, बँकेतून निवृत्त. आजोबांचं पुस्तक होतं एवढं त्यांना आठवत होतं. हक्क आजीच्या नावे होते आणि आता ते आपल्याकडे आले असावेत हे ऐकून त्या हसल्याच. पुन्हा छापायला त्यांची ना नव्हती, भावांनाही विचारते म्हणाल्या. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, “आमच्याकडे एकही प्रत उरलेली नाही हो. घर विकलं तेव्हा सगळं गेलं. तुम्ही जिथे पाहिलंत तिथून मला त्याची झेरॉक्स मिळेल का?”

मी वाचनालयात फोन लावला. ग्रंथपालांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “अर्ज द्यायला सांगा. कमिटीपुढे ठेवतो.”